मधली जागा

प्रीमियर पद्मिनीत पुढे एकसंध बाकडं असायचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागूनच, त्यामुळे आई आणि बाबांच्या मध्ये एक पोर आरामात मावायचं. आमच्या घरी ती जागा माझी. तिथून समोरचा सगळा रस्ता दिसे आणि वळण आलं की कधी आईच्या, कधी बाबांच्या अंगावर रेललं जाई.

1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मुळात फियाट 1100 डिलाइट. 1974 मध्ये ती पद्मिनी झाली, तरी मुंबईने तिला ‘फियाट’ म्हणणं सोडलं नाही. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे, ताकद मात्र मागच्या चाकांना. म्हणून प्रोपेलर शाफ्ट पोटाखालून जायचा आणि मागे मध्ये बसणाऱ्याला पायाखालचा उंचवटा सोसावा लागायचा. पुढच्या बाकड्याची ऐसपैस ऊब टॅक्सीतही होती. घाईच्या वेळी पुढे बसलेला अनोळखी माणूस ड्रायव्हरशी पावसापाण्याचं, गावाकडचं बोलत जायचा. 30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून या टॅक्सीने निरोप घेतला, तेव्हा मला आधी ते बाकडं आठवलं.

मारुती 800 वेगळ्या विचारातून आली. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली. इंजिन अवघं 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, आडवं बसवलेलं आणि पुढचीच चाकं फिरवणारं. मागे जाणारा शाफ्टच नाही, त्यामुळे एवढ्याशा गाडीतही माणसांना जागा मिळाली. गिअर मात्र खाली, दोन सुट्या सीटांच्या मध्ये आला. माझी जागा त्याने घेतली.

याला मी बरीच वर्षं कुटुंब दुभंगणं समजत होतो. पद्मिनी म्हणजे जिव्हाळा आणि मारुती म्हणजे ज्याची त्याची खुर्ची, असं मला मनापासून वाटे. आता तसं वाटत नाही. बाकड्यावरच्या त्या पोराला पट्टा नव्हता, जोराचा ब्रेक लागला तर अडवायला आईचा हात तेवढा होता. आणि गाडी बाबांचीच होती. जड स्टिअरिंग, सकाळी चोक ओढून इंजिनाची मनधरणी, वाटेत बंद पडली तर बॉनेट उघडून उभं राहणं, हे सगळं पुरुषाचं काम असं घरात कुणीही न सांगता ठरून गेलं होतं.

मारुती आल्यावर चाळिशी ओलांडलेली आई गाडी शिकली. महिनाभरात एकटी मंडईत जाऊन आली. बाकड्याबद्दल मला आजही हळहळ आहे, ती खोटी नाही. पण त्याच्या बदल्यात काय मिळालं, ते एका दुपारी मी पाहिलं: शाळेच्या फाटकाशी मारुती उभी, आई स्टिअरिंगवर, आणि तिने हात लांबवून माझ्यासाठी डावीकडचं दार आतून उघडलं.