देवाला वीट द्यावी

विनोबांचा १८९५ साली जेथे जन्म झाला त्या गागोदे बुद्रुकाहून मेंदूच्या गाठीचा रोगी परळच्या टाटा रुग्णालयात नेणे, हीही वारीच म्हणावी. किरणोपचारानंतर टेमोझोलोमाइड बहुधा दर २८ दिवसांत ५ दिवस, उपाशीपोटी देतात. तेव्हा अन्नाचा वासही नकोसा होतो. आग्रह करू नये. आपला माणूस चिडेल, विसरेल. ते पुष्कळदा गाठच करविते. पुढे रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात. ताप आला तर अंगाऱ्यावर रात्र काढू नये, तडक रुग्णालय गाठावे. आणि आषाढी त्यातच आली तर? पुंडलिकाने आईबापांचे पाय सोडले नाहीत, देवालाच वीट दिली. आम्हीच दिंडीसाठी का तळमळावे? थर्मामीटर उशाशी ठेवावा, हळू आवाजात नाम घ्यावे.