शून्याने भागताना

आजचं चिंतन बृहदारण्यक उपनिषदातल्या 'नेति नेति'वर.

कॅल्क्युलेटरवर ५ भागिले ० करून बघा. एरर येते. कारण सोपं आहे: ० ला कशानेही गुणलं तरी ५ येत नाहीत. आणि ० भागिले ० घेतलं तर कुठलंही उत्तर चालतं, म्हणून एकही ठरत नाही. दोन्ही अनडिफाइन्ड. उत्तर शून्य नाही, अनंतही नाही. त्या मांडणीला अर्थच दिलेला नाही.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आणि तिची तुलना अच्युताशी केली. कितीही जीव त्याच्यात सामावले, कितीही बाहेर पडले, तरी तो तसाच. भाव किती गोड! पण आजचं गणित त्याआधीच थांबतं. ऋषीही असेच थांबले: हेही नव्हे, तेही नव्हे.

आई गेल्यावर माझ्या मैत्रिणीने विचारलं, "ही माझ्या कुठल्या पापाची शिक्षा?" या प्रश्नात कुठलंही पाप बसवता येतं, म्हणूनच एकही खरं ठरत नाही. अगदी ० भागिले ० सारखं.

मित्रांनो, असा प्रश्न छळत असेल तर ओढूनताणून उत्तर काढू नका. तो तसाच विठ्ठलाच्या पायाशी ठेवा आणि नाम घ्या. उत्तर नसणं म्हणजे देवाने पाठ फिरवणं नव्हे.