देवाचे मासे, डोह आणि नदी

रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीच्या नावाने महसीर मासे राखले जातात. भाविक काठावरून चुरमुरे टाकतात, मासे पाण्यावर येऊन ते टिपतात, आणि त्यांना कोणी जाळे लावत नाही. अशा देवडोहांमुळे एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो: पावित्र्य नेमके कशाचे, माशाचे, डोहाचे की नदीचे? महसीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून खडकाळ, गोट्यांच्या तळावर अंडी घालतो; म्हणून वर बंधारा झाला, वाळू उपसली गेली किंवा मैलापाणी मिसळले, तर डोहातील अभय टिकूनही वंश खुंटू शकतो. अभयदान, म्हणजे जिवाला मारले जाणार नाही अशी हमी, हे अहिंसेचे केवळ अर्धे अंग ठरते; त्या जिवाच्या जगण्याची स्थिती राखणे हे दुसरे अंग होय.

जगण्याची स्थिती राखण्याची ही कसोटी सद्हेतूलाही लागू पडते. लोणावळ्यातील केंद्रात पैदास केलेले दख्खनी महसीर 1970च्या दशकात कावेरीत सोडले गेले, ते तेथे फोफावले, आणि मूळचा कुबड्या महसीर मागे हटत गेला. 2018मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. एका जातीवरील करुणा दुसरीच्या मुळावर येऊ शकते, हे यातून स्पष्ट होते. त्यामुळे पुनरुज्जीवनाचा धर्म मासे वाढवण्यात नव्हे, तर ज्या नदीचे जे मासे, त्यांची वाट मोकळी ठेवण्यात शोधावा लागतो. देवडोहाचे व्रतही त्या वाटेपर्यंत वाढवले, तरच पूर्ण होते.