मध्ये कोणी नसताना

आजचं वाचन गीता, अध्याय १७, श्लोक १५. इथे भगवंत वाणीचं तप सांगतात. थोडक्यात अर्थ असा: समोरच्याला न दुखावणारं, खरं, गोड आणि हिताचं बोलावं, शिवाय नित्य स्वाध्याय करावा. वाचायला सोपं आहे. मला ते मोशीत फ्लॅट घेताना कळलं, तेही उशिरा.

भाड्याच्या घरात सात वर्षं झाली होती. एका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी दिसली: टू बीएचके विकणे आहे, एजंट नको. मालक काका चाकणच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, आता गावी जायचं म्हणत होते. मीही एजंट घेतला नाही. टक्का-दोन टक्के वाचतात, आणि कागद वाचायला आपण इंजिनिअर आहोतच की!

कागदांचा स्वाध्याय मात्र मनापासून केला. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, मिळकतकराची पावती, काकांचं कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला. पूररेषाही तपासली. मे २०२५ मध्ये शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. लोकांची आयुष्याची पुंजी होती त्यात. देवावर भरवसा ठेवावा, पण डोळे उघडे ठेवून.

मग इंडेक्स टू काढले. त्याच इमारतीतले तेवढेच दोन फ्लॅट नुकतेच ६२ लाखांच्या आसपास गेले होते. काका मागत होते ५८.

दुसऱ्या दिवशी चहा देताना काकांनी सहज विचारलं, "तुम्ही कॉम्प्युटरवाले. बघा हो, माझा भाव बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "बरोबर वाटतोय, काका."

त्या रात्री रोजच्या वाचनात नेमका हाच श्लोक आला. पोथी उघडी ठेवून बसून राहिलो. माझं वाक्य गोड होतं, कोणाला दुखावणारं नव्हतं. पण खरं नव्हतं आणि काकांच्या हिताचंही नव्हतं. ऑफिसात चारपैकी दोनच टेस्ट पास झाल्या तर आम्ही रिलीज करत नाही. एजंट असता तर हे वाक्य त्याने बोललं असतं, मी बाजूला बसून चहा प्यालो असतो आणि स्वतःला सज्जन समजलो असतो. मध्ये कोणी नव्हतं, म्हणून माझी वाणी मलाच ऐकू आली.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हप्ता वाढेल. पण सांगून ये. त्या घरात देव मांडायचेत आपल्याला."

सकाळी दोन्ही प्रिंट काकांसमोर ठेवल्या. काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता माझंही एक ऐका. पावसाळ्यात मागच्या बेडरूमच्या भिंतीला ओल येते. रंग देऊन झाकलीय मी."

साडेसाठ लाखांवर ठरलं. ५० लाखांच्या पुढचा व्यवहार, त्यामुळे १ टक्का टीडीएस मी कापून भरला आणि चलन काकांना समजावून दिलं. एजंटचे पैसे वाचले म्हणावं, तर त्याहून जास्त गेले. हप्ता दर महिन्याला जाणवतो. भिंतीला थोडी ओल अजून येते. पण ती कुठून येते ते मला माहीत आहे, आणि देवघरासमोर बसताना मान खाली जात नाही.

मंडळी, एजंट घ्यावा की न घ्यावा हे ज्याचं त्याने ठरवावं. आज एवढंच करून बघू: कोणी विश्वासाने काही विचारलं, तर उत्तर देण्याआधी चारही कसोट्या आठवायच्या.

राम कृष्ण हरी.