पात्रतेचे प्रमाण

तज्ज्ञ डॉक्टरची क्षमता डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती कृती. कृतीवरून क्षमता ठरवणे हे न्यायदर्शनाच्या भाषेत अनुमान, आणि व्याप्ती, म्हणजे खूण आणि तिच्यावरून ठरवायची गोष्ट यांचा अटळ संबंध, कच्ची असेल तर अनुमानही कच्चे. एम.डी.च्या 3 वर्षांनंतर उमेदवार परीक्षकांसमोर हिस्टरी घेतो, पोट चाचपतो, बोटांनी यकृताची कड शोधतो. तेवढ्यावरून उभ्या हयातीचा निर्वाळा द्यायचा, हे धाडसच आहे.

सुश्रुतसंहितेत शिष्याला कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेद घ्यायला लावले आहे. शास्त्र किंवा कर्म यांपैकी एकच जाणणारा तिथे एका पंखाचा पक्षी ठरतो. 1990 मध्ये वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी क्षमतेच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करायचे ते कळणे, करून दाखवणे, रोजच्या कामात करणे. परीक्षा बहुधा तिसरीवर थांबते. निवासी डॉक्टरांना 3 महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा नियम म्हणूनच मोलाचा.

रुग्णाकडे मात्र अनुमानाचीही सोय नसते. कोकणातल्या खारेपाटणच्या शेतात विंचू चावलेला माणूस पदवीवर, म्हणजे शब्दप्रमाणावर, दुसऱ्याच्या विश्वासार्ह वचनावर, विसंबतो. त्या शब्दामागे आप्त हवा: जाणकार, खरे बोलणारा, भीड न बाळगणारा. नापास करायला कचरणारा परीक्षक आप्त नव्हे.

कोकणातच, महाड परिसरात, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्या उपचाराचा प्रश्न कुठल्याच परीक्षेत आला नसता, कारण उत्तर तेव्हा पुस्तकात नव्हते. अशी क्षमता परीक्षेच्या दिवशी मोजता येत नाही. वर्षानुवर्षे सोबत काम करणाऱ्या वरिष्ठालाच ती जोखता येते.