बाळाचे नाव काय ठेवले?



निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी आपल्याला भेटतात. इब्री मुलगे जन्मताच मारून टाका, असा हुकूम देणाऱ्या फारो राजाचे नाव तिथे नाही. हुकूम न मानणाऱ्या सुइणींची नावे मात्र आहेत. बाळंतिणीच्या खाटेजवळ उभ्या राहणाऱ्या स्त्रीची देवाला किती किंमत आहे!

आपल्या धर्मग्रामात परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, प्रसूतिगृहात राबणाऱ्या मावश्या आहेत. बाळाचा पहिला टाहो ऐकायला टवकारलेल्या त्यांच्या कानांना कधी कधी काहीच ऐकू येत नाही. २०२१ साली जगात सुमारे १९ लाख बाळे २८ आठवडे भरल्यानंतर मृत जन्मली. त्याआधीच गेलेली बाळे या आकड्यात धरलेली नाहीत.

आम्ही धर्मगुरूही इथे चुकलो आहोत. अशा एका घरी सांत्वनाला गेलो आणि म्हणालो, "तू तरुण आहेस, दुसरे होईल." त्या माउलीने मान खाली घातली. पुष्कळ दिवसांनी ती म्हणाली, "फादर, वॉर्डातल्या सिस्टरने एवढंच विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलं? तिच्यापाशी मी रडले." आमच्या उपदेशाने जे झाले नाही, ते त्या एका प्रश्नाने झाले.

पूर्वी असे बाळ घाईघाईने नजरेआड करीत. आईला त्रास नको, हा हेतू चांगला होता. पण तिला कुणी विचारत नसे. म्हणून भगिनींनो, विचारा. एकीला बाळ पाहायचे असते, दुसरीला नको असते, निर्णय तिचा. बाळाला स्वच्छ दुपट्यात गुंडाळून द्या. शक्य असेल तर तिची खाट इतर बाळंतिणींपासून दूर लावा. दोन-चार दिवसांनी दूध येईल, हे तिला आधीच सांगा. नाहीतर रिकाम्या घरात भरलेली छाती तिला एकटीलाच सोसावी लागते. दाराबाहेर उभ्या असलेल्या बापालाही आत घ्या.

बाळ जिवंत असून प्राण धोक्यात असेल, तर फादरची वाट पाहू नका. डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्या. निकडीच्या वेळी तो कुणीही देऊ शकतो. बाळ आधीच गेले असेल तर बाप्तिस्मा देता येत नाही. पण प्रार्थना करता येते, नाव ठेवता येते. आईबापांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती, तर १९८३ च्या धर्मनियमसंहितेनुसार बिशपांच्या परवानगीने अंत्यविधीही करता येतो. ख्रिस्तसभा अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते. मुलांना माझ्याकडे येऊ द्या, असे सांगणारा प्रभू त्यांना दाराबाहेर ठेवील काय?

आणि ड्यूटी संपवून गुपचूप डोळे पुसत घरी जाणाऱ्या परिचारिकेलाही आपण विसरू नये.

२८ डिसेंबरला, निष्पाप बालकांच्या सणाच्या मिस्सात, आपण ही नावे वेदीवर ठेवू. बाळ ४० वर्षांपूर्वी गेले असले तरी नाव चिठ्ठीवर लिहून द्या. नाव ठेवले नसेल, तर आज ठेवा.

आपल्या मृत पुत्राला मांडीवर घेणारी मरिया या सर्व मातांजवळ असो. आमेन.