पाने गळालेले अंजीर

शास्त्रभाग : लूक १३:६-९



द्राक्षमळ्यातील निष्फळ अंजिराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मालक तीन वर्षे फळ पाहावयास येतो, त्याला काहीच मिळत नाही, आणि तो झाड तोडून टाकावयास सांगतो. माळी मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि खणण्याची व खत घालण्याची जबाबदारी स्वतःवर घेतो. हा दाखला वाचताना आपण बहुधा मालकाच्या बाजूला उभे राहून झाडाकडे पाहतो. आज थोडा वेळ माळ्याच्या बाजूला उभे राहू या.

अंजीर हे मूळचे पश्चिम आशियाचे व भूमध्य समुद्राच्या आसपासच्या उबदार प्रदेशाचे झाड. पण माणसे दूरदेशी गेली तेव्हा हे झाडही त्यांच्याबरोबर गेले. इटलीतून न्यूयॉर्क, टोरांटो अशा शहरांत जाऊन वसलेल्या कितीतरी कुटुंबांनी आपल्या परसात अंजीर लावले. तेथे हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. जमिनीतले झाड काही लोक गोणपाटाने गुंडाळतात, तर काही ते वाकवून चरात मातीखाली निजवतात. कुंडीतल्या झाडाला धोका अधिक. जमिनीतल्या मुळांवर मातीचे पांघरूण असते. कुंडी मात्र चहूबाजूंनी गारठते. फांद्या मेल्या तरी मुळातून पुन्हा फूट येऊ शकते, पण मूळच गोठून मेले तर काही उरत नाही. म्हणून माळ्याची सारी धडपड मुळासाठी असते.

तो काय करतो ते पाहा. उन्हाळा सरता सरता तो खत देणे बंद करतो, कारण उशिरा आलेली कोवळी फूट थंडीत टिकत नाही. थंडी पडून पाने पिवळी होतात व गळतात. तो घाबरत नाही. मग तो कुंडी तळघरात किंवा शेगडी नसलेल्या गॅरेजमध्ये नेतो, जेथे गारवा असतो पण कुंडीतली माती गोठत नाही. साधारण ० ते ७ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. पाने नसल्यामुळे झाडाला उजेडाचीही गरज नसते. पाणी तीन-चार आठवड्यांनी, तेही थोडेसे. माती ठणठणीत कोरडी होऊ नये, आणि चिखलही होऊ नये. निजलेले मूळ फार पाण्याने कुजते.

तो काय करीत नाही, तेही पाहा. झाडाची दया येऊन तो ते दिवाणखान्याच्या उबेत आणून ठेवीत नाही. तेथे ते अवेळी फुटते, आणि अंधुक उजेडातली ती फूट लांबट, फिकट व दुबळी निघते. तो फांद्यांचे शेंडेही सरसकट छाटीत नाही, कारण कित्येक जातींत पुढल्या उन्हाळ्याची पहिली फळे त्या उघड्या शेंड्यांजवळ बारीक गाठींच्या रूपाने आधीच बसलेली असतात. शंका आलीच तर तो नखाने साल किंचित खरवडतो. आत हिरवे दिसले की त्याला पुरे होते.

आपल्याकडील शेतकऱ्यालाही हे अगदी नवीन नाही. बहार धरण्यापूर्वी संत्र्याच्या व डाळिंबाच्या बागेचे पाणी तोडून तो तिला ताण देतो. पाने झडतात, आणि बाग मेली असे कोणी म्हणत नाही.

आता आपल्या मंडळीकडे वळू या. दरवर्षी नाताळात गाणारी एक भगिनी पतीच्या मृत्यूनंतर उपासनेत गप्प बसते. रविवारच्या शाळेत वचने तोंडपाठ म्हणणारा मुलगा कॉलेजात गेल्यावर मंदिराच्या पायरीशीही दिसत नाही. अशा वेळी आपण दोनांपैकी एक चूक करतो. एकतर कुऱ्हाड उचलतो : त्याचा विश्वास गेला, यादीतून नाव काढा. नाहीतर त्याला दिवाणखान्यात आणतो : त्या भगिनीला पुढल्याच आठवड्यात साक्ष द्यावयास उभे करतो, त्या मुलाला सर्वांसमोर प्रश्न विचारतो. पहिल्या चुकीने झाड तुटते, दुसरीने दुबळे फुटते.

शिक्षकहो, माळ्याचे काम शिका. महिन्यातून एकदा दार ठोठवा. थोडे बसा, एक लहानशी प्रार्थना करा, आणि उठा. वाढदिवसाला दोन ओळी लिहा. उपदेशाचा घडा एकदम ओतू नका. आणि ते परत आले तर लगेच कामाचा भार देऊ नका. माळीदेखील वसंतात कुंडी प्रथम सावलीत ठेवतो, मग हळूहळू उन्हात नेतो.

तरी दाखल्यातील मुदत एका वर्षाची होती, हे विसरू नका. हिवाळा हा झाडाचा कायमचा मुक्काम नव्हे. जो आपल्या थंडपणालाच विसावा म्हणून सजवतो, त्याच्यासाठी मालकाचा प्रश्न अजून उभाच आहे. पण ज्याचा हिवाळा खरोखर दुःखाचा आहे, त्याने हबक्कूक संदेष्ट्याकडे पाहावे (३:१७-१८). अंजीर फुलले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी तो आपल्या तारणाऱ्या देवाला सोडीत नाही. त्याची पाने गळाली होती. मूळ धरून होते.

आणि आपल्यासाठी मुदत मागणारा माळी कोण, हे आपण जाणतो. तो स्वतः बागेतल्या काळोख्या कबरेत ठेवला गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे मरीयेने त्याला पाहिले, तेव्हा तिला तो माळीच वाटला (योहान २०:१५). तिच्या त्या समजुतीत केवढे सत्य होते!

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांची पाने गळाली आहेत त्यांची मुळे तू राख. आमच्या हातातील कुऱ्हाड काढून घे आणि त्यात पाण्याचे लहानसे भांडे दे. तुझ्या वसंताची वाट पाहण्याचा धीर आम्हांला दे. आमेन.